सर्वांत जलद मार्ग

दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे सरळ रेषा, हें भूमितींत तुम्ही शिकलांच आहां. परंतु जवळचा मार्ग जलद असतोच असें नाहीं. १६९६ सालीं योहान बर्नुली या स्विस गणितज्ञानें युरोपांतील पंडितांस एक कोडें घातलें. उंचावरील बिंदूपासून, खालीं पण बाजूस असलेल्या दुसऱ्या बिंदूपर्यंत एक गोळी केवळ आपल्या वजनानें घसरत न्यावयाची आहे; घर्षण मुळींच नाहीं; तर कमींत कमी वेळ लागण्यास मार्ग कसा असावा? उत्तर सरळ उतार नव्हे. चाक रस्त्यावरून फिरतांना त्याच्या कडेवरील खिळा जी कमान काढतो, तीच उलटी केलेली! आरंभींच्या खोल उतारावर गोळी वेग मिळविते व त्याच्या बळावर लांबचा पल्ला लवकर गांठते. ज्यांस हें खरें वाटत नसेल त्यांनीं पुठ्ठ्याच्या दोन पन्हळी करून कांचेच्या गोट्या सोडून पाहाव्या.

हेंच कोडें आज क्वांटम संगणक बांधणाऱ्यांपुढें निराळ्या रूपानें उभें आहे. या यंत्राचा मूळ घटक क्यूबिट. तो ‘शून्य’ व ‘एक’ या दोन्ही अवस्था एकाच वेळीं कमीअधिक प्रमाणांत धारण करूं शकतो. एका जातीच्या यंत्रांत तो अतिवाहक धातूच्या विद्युन्मंडलाचा केलेला असतो, आणि मायक्रोवेव्ह लहरींचा झोत सोडून त्याची अवस्था पालटतात.

पालकांपैकीं कोणी विचारतील, यांत घाई कशास? कारण ही अवस्था फार नाजूक असते. भोंवतालच्या क्षुल्लक उपद्रवानें ती बहुधा सेकंदाच्या सुमारें दहा हजाराव्या भागांत विसकटते, आणि गणित त्यापूर्वी उरकावें लागतें. म्हणून एकेका क्रियेस २० ते ५० नॅनोसेकंदच देतात. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग.

मग झोत अधिक प्रखर व आंखूड कां करूं नये? येथेंच खरी मेख आहे. ‘एक’च्या वर त्या मंडलास तिसरीहि पायरी असते. जिना चढणाऱ्या मुलास मागून जोरानें ढकललें तर तें हव्या त्या पायरीवर थांबत नाहीं. तसाच क्यूबिट आकस्मिक धक्क्यानें तिसरीवर जातो व हिशेब चुकतो. २००९ सालीं मोट्झोई, गॅम्बेटा, रेबेंट्रॉस्ट व विल्हेल्म यांनीं यावर सुंदर तोड सुचविली. मुख्य झोताबरोबर, पाव आवर्तनाच्या अंतरानें, दुसरा लहान झोत सोडावा. पहिल्याचा जोर ज्या गतीनें चढतो-उतरतो त्या प्रमाणांत याचा जोर ठेवावा. त्यामुळें वरच्या पायरीकडे जाणारा धक्का बव्हंशीं मारला जातो, आणि वेळहि वांचतो.

क्यूबिटची अवस्था एका गोलाच्या पृष्ठावरील बिंदूनें दाखवितां येते. २००६ सालीं कार्लिनी, होसोया, कोइके व ओकुदैरा यांनीं बर्नुलीचा प्रश्न अशा अवस्थांस लावला. ऊर्जेची मर्यादा ठरलेली असून वाटेल त्या दिशेनें बळ लावण्याची मुभा असेल, तर पृष्ठावरील सर्वांत आंखूड कमान हाच जलद मार्ग. कांहीं दिशा बंद असतील, तर मार्ग वांकडा होऊं शकतो. मात्र झोत कितीहि कुशलतेनें योजला तरी एक सीमा राहतेच. ती मंडेलश्टाम व ताम या रशियन शास्त्रज्ञांनीं १९४५ सालींच दाखविली होती: ऊर्जेची अनिश्चितता जितकी अधिक तितका हा किमान वेळ कमी, परंतु तो शून्य कधींच होत नाहीं.