दंडारीच्या गावचा पाहुणचार

दिवाळी जवळ आली की यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा, झरी-जामणी भागातल्या गोंड आणि कोलाम वस्त्यांवर ढोल बाहेर निघतात. कातडं विस्तवावर शेकून ताणून घेतात, वर्षभर जपून ठेवलेले मोरपिसांचे टोप झटकले जातात. दंडारीचे, म्हणजे दिवाळीतल्या नाचाचे, दिवस आलेले असतात. अंगाला राख फासलेला, हातात दंड घेतलेला घुसाडी नर्तक नाचू लागला की त्याच्या अंगात देव वावरतो, अशी श्रद्धा आहे. म्हणून व्रत पुरं होईपर्यंत तो आंघोळही करत नाही. पैनगंगेपलीकडच्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात हीच परंपरा आहे. तिथल्या मार्लवाईच्या कनक राजू यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली, ती या घुसाडी नृत्यासाठीच.

मला मात्र दंडारीतला पाहुणचार नाचाइतकाच मोलाचा वाटतो. एका गावची मंडळी नाचत दुसऱ्या गावी जातात, मुक्काम करतात आणि यजमान गाव सगळ्यांना जेवू घालतं. सोयरिकीची बोलणीही याच भेटीगाठींत होतात. पाहुण्याला कुठे उतरवायचं, काय वाढायचं, काय दाखवायचं, हे सगळं गावच ठरवतं.

याच मुलखात आता दुसरे पाहुणे येऊ लागलेत. पांढरकवड्याजवळचं टिपेश्वर अभयारण्य जेमतेम 148 चौरस किलोमीटरचं, पण वाघांमुळे नावाजलेलं. इथला एक तरुण नर वाघ 2019 मध्ये निघाला आणि मजल दरमजल करत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याची बातमी देशभर गाजली. नागपूर-हैदराबाद महामार्ग जवळच असल्याने शहरातली गाडी सुन्ना किंवा माथनीच्या फाटकाशी सहज येते. सकाळची सफारी, दुपारचं जेवण, संध्याकाळी परत. शेजारच्या पोडावर कोण राहतं, हे बहुतेकांना कळतही नाही. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. मध्यावर चावडी, कारभाराला नाईक आणि महाजन. महाराष्ट्रात केंद्र सरकारने विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या जमाती तीनच आहेत: कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. त्यातले कोलाम मुख्यतः याच जिल्ह्यातले.

कोलामांच्या हातात बांबूची कला आहे. हिरवा बांबू उभा चिरायचा, सालीकडची आणि गराकडची कामटी वेगळी काढायची, मग बोटांच्या अंदाजाने टोपली, सूप, ताटवा विणायचा. एक सूप तयार होताना नुसतं बघत बसावं, तासभर कसा गेला कळत नाही. पण आठवडी बाजारात त्या सुपाला मिळणारा भाव मजुरीही भागवत नाही. तेच सूप विणताना विणणाऱ्याच्या अंगणात बसून पाहणारा पाहुणा त्याची खरी किंमत आनंदाने मोजेल. मोहफुलांचंही तसंच. उन्हाळ्यात पहाटे झाडाखाली वाकून वेचलेली ती फुलं व्यापाऱ्याकडे पोत्याने जातात. तीच बचतगटाच्या चुलीवर लाडू होऊन पाहुण्याच्या ताटात आली, तर नफा गावात राहतो.

त्यासाठी कायद्याचा आधार आहे. आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीचा 1996 चा पेसा कायदा, त्याचे महाराष्ट्रातले 2014 चे नियम आणि 2006 चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेला मोठा अधिकार दिला. बांबू, मोह, तेंदू यांसारख्या गौण वनोपजावर मालकी गोळा करणाऱ्यांची, असं वनहक्क कायदा स्पष्ट सांगतो. कच्चा माल आपला, कसब आपलं. मग पाहुण्याची व्यवस्था तेवढी दुसऱ्याची का असावी?

हे स्वप्नरंजन नाही. न्यूझीलंडमधल्या कायकोरा या छोट्या गावात माओरी कुटुंबांनी 1987 मध्ये घरं गहाण टाकून देवमासे दाखवण्याचा व्यवसाय उभा केला. आज तो त्या गावाचा कणा आहे. आपल्याकडे अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत काजव्यांच्या दिवसांत पाहुणे घराघरांत उतरतात. महादेव कोळी कुटुंबं जेवण रांधतात, गावचीच पोरं वाट दाखवतात.

यवतमाळात हे घडायचं तर जोडणी व्हायला हवी. पोडावरचा विणकर, मोहाचे लाडू करणारा बचतगट, अभयारण्यातला आदिवासी वाटाड्या आणि गोंडांची वंशकथा किंगरी या तंतुवाद्यावर गाणारा परधान यांनी एकत्र बसून दर ठरवावा, दिवस ठरवावे आणि काय दाखवायचं नाही तेही ठरवावं. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. घुसाडीला भर उन्हाळ्यात रिसॉर्टच्या हिरवळीवर नाचवणं हा त्या व्रताचा अपमान आहे. दंडारी बघायची असेल तर दिवाळीत यावं, गावाने बोलावलं तर यावं आणि ढोलापासून गाव सांगेल तेवढ्या अंतरावर बसावं.

या हंगामात टिपेश्वरला जाणार असाल, तर एक दिवस जास्तीचा ठेवा. वाटाड्याला त्याचं गाव विचारा, त्याच्या ओळखीने एखाद्या घरी भाकरी आणि अंबाडीची भाजी खा, आणि परतताना एक सूप विकत घ्या, घासाघीस न करता.