इस्ट्रोजेन: पाळीपलीकडचे काम

इस्ट्रोजेन हे बायकांचे हार्मोन, त्याचे काम पाळी आणि बाळंतपणापुरते, पाळी गेली की त्याची गरजही संपली, ही समजूत शिकल्यासवरल्या घरांतही आढळते. तिला जबर धक्का बसला तो एका पुरुषामुळे. १९९४ साली अमेरिकी संशोधकांनी २८ वर्षांच्या एका तरुणाची नोंद प्रसिद्ध केली. उंची २०४ सेंटीमीटर, आणि ती अजून वाढतच होती. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होते, शरीराची पुरुषी घडणही पूर्ण झालेली होती. पण हाडांच्या टोकाशी असलेल्या, एरवी वयात आल्यावर काही वर्षांत भरून येणाऱ्या वाढीच्या पट्ट्या उघड्याच राहिल्या होत्या आणि हाडे ठिसूळ झाली होती. त्याच्या रक्तात इस्ट्रोजेन भरपूर होते. जनुकातल्या दोषामुळे पेशींना त्याचा संदेश घेता येत नव्हता, इतकेच. पुढे ज्यांच्या शरीरात इस्ट्रोजेन तयारच होत नाही असे मोजके पुरुषही सापडले. त्यांतल्या एकाला टेस्टोस्टेरॉन देऊन उपयोग झाला नव्हता. इस्ट्रोजेन दिल्यावर मात्र पट्ट्या मिटल्या आणि हाडांची घनता वाढली. म्हणजे पुरुषाचे हाड पक्के होण्यासाठीही इस्ट्रोजेन लागते.

पुरुषाला ते मिळते कुठून? त्याच्याच टेस्टोस्टेरॉनमधून. अ‍ॅरोमाटेज नावाचे विकर वृषण, चरबी, मेंदू आणि हाडे अशा अनेक ठिकाणी हे रूपांतर करते. म्हाताऱ्या पुरुषाच्या रक्तात पाळी गेलेल्या समवयस्क बाईपेक्षा सहसा जास्त इस्ट्रोजेन असते. यावर कोणी म्हणेल, पुरुषात ते वाढले तर छाती वाढते, मग ते परकेच नव्हे का? लठ्ठपणात किंवा यकृताच्या आजारात असे होते, हे खरे. पण तो दोष बिघडलेल्या प्रमाणाचा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी पुरुषांचे इस्ट्रोजेन औषधाने रोखले, तेव्हा टेस्टोस्टेरॉन मिळत असूनही त्यांची चरबी वाढली आणि कामेच्छा घटली. शरीर कमावण्याच्या नादात इस्ट्रोजेन मारणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या तरुणांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

ही समजूत सर्वांत महाग पडते ती बायकांनाच. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला. फडात खाडा झाला की दंड, त्यात पाळीचा त्रास, आणि ‘मुले झाली, आता पिशवीचे काय काम?’ हा सल्ला. कित्येकींचे वय विशी-तिशीचे होते. इस्ट्रोजेन गर्भाशयात तयार होत नाही, ते प्रामुख्याने बीजांडकोशांत होते. नुसती पिशवी काढली तर ते बहुतेक चालू राहते, मात्र पाळी जाण्याचा काळ थोडा अलीकडे येऊ शकतो. दोन्ही बीजांडकोशही काढले तर ते अचानक तुटते. हाड खाणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो, हाडे झपाट्याने झिजतात, अंगातून वाफा येतात, झोप उडते, हृदयविकाराचा धोकाही वाढतो. तिशीतल्या बाईने साठीची हाडे घेऊन मोळ्या वाहाव्यात, हे मला अन्यायाचे वाटते.

तुटलेले इस्ट्रोजेन औषधाने भरून काढावे म्हटले, तर हार्मोनच्या गोळ्यांनी कर्करोग होतो, त्यापेक्षा त्रास सोसलेला बरा, असा आक्षेप येतो; तो २००२ च्या अमेरिकी चाचणीवर उभा आहे. त्या चाचणीतल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टिन घेणाऱ्यांत वर्षाला दर १०,००० स्त्रियांमागे स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे ८ रुग्ण जास्त आढळले. गर्भाशय काढलेल्या आणि नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात ही वाढ दिसली नाही. पक्षाघात मात्र वाढला. हा धोका खराच आहे, पण साठीतला हिशेब तिशीतल्या बाईला जसाच्या तसा लावता येत नाही. अकाली बीजांडकोश गमावलेल्या स्त्रीला, स्तनाच्या कर्करोगासारखी अडचण नसेल तर, पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन द्यावे असाच वैद्यकीय सल्ला आहे. म्हणून शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर अंगठा उठवण्याआधी ‘बीजांडकोश ठेवणार की काढणार, आणि काढले तर पुढे औषध काय?’ याचे उत्तर डॉक्टरांकडून तिला मिळालेच पाहिजे.