उशाशी ठेवायचं यंत्र

या यंत्रातून ऑक्सिजन येत नाही. हे सर्वांत आधी सांगावं लागतं, कारण २०२० आणि २०२१ च्या कोरोनाच्या लाटांनी मास्क, नळी, बायपॅप हे शब्द मराठवाड्याच्या घराघरांत पोचवले आणि त्यांच्यासोबत धास्तीही पोचवली. नाकाला मास्क लागला म्हणजे माणूस हातचा गेला, अशी तेव्हा अनेकांची समजूत झाली. मराठवाड्यातल्या मुरुमसारख्या गावात डॉक्टर ‘रात्री मशीन लावून झोपा’ म्हणाले, की ‘इतकं झालंय का?’ हाच पहिला प्रश्न येतो. खरं तर सीपॅप म्हणजे खोलीतलीच हवा गाळून, किंचित दाबानं नाकात सोडणारा झोत. हा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात. बहुतेक यंत्रं ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका दाब देतात. दहा सेंटिमीटर म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाचा जेमतेम शंभरावा हिस्सा.

एवढ्याशा दाबानं काय होतं, हे शेतकऱ्याला पटकन कळेल. विहिरीवरच्या मोटरीला सक्शनच्या बाजूनं मऊ पाइप लावला, तर मोटर ओढायला लागताच तो चपटा होतो. म्हणून तिथं कडक पाइप लावतात आणि लपेटा पाइप डिलिव्हरीच्या बाजूला. आपला घसा हा सक्शनच्या बाजूचा मऊ पाइप आहे. जागेपणी स्नायू त्याला ताणून धरतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे सरकते, मानेभोवतीची चरबी दाबते आणि आत ओढलेल्या श्वासानंच वाट मिटते. अर्धवट मिटली तर घोरणं, पूर्ण मिटली तर श्वास बंद. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, घसा उघडतो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. हाच स्लीप ॲप्निया हा आजार. सीपॅप हवेच्या दाबानं ही वाट आतून उघडी धरतं.

आपल्याकडे अडचण अशी, की घोरणं हे गाढ झोपेचं लक्षण मानलं जातं. ‘पडल्या पडल्या घोरायला लागतो, सुखी माणूस’ हे कौतुकानं म्हटलं जातं. या आजाराचा पहिला साक्षीदार शेजारी झोपणारा असतो. घोरण्याचा आवाज मध्येच थांबतो, काही क्षण काहीच ऐकू येत नाही आणि मग मोठ्या घरघरीसह श्वास सुटतो, हे त्यानंच पाहिलेलं असतं. सकाळी जड डोकं, तोंडाला कोरड, रात्री लघवीला उठणं, गोळ्या घेऊनही न उतरणारं ब्लडप्रेशर आणि दिवसा बसल्या जागी पेंग ही बाकीची लक्षणं. बाई घोरत असेल तर गोष्ट घराबाहेर जातच नाही. पाळी गेल्यानंतर बायकांमध्येही हा धोका वाढतो, तरी तपासणीपर्यंत त्या क्वचितच पोचतात. मुरुम सोलापूर–हैदराबाद महामार्गाच्या आतल्या अंगाला आहे. त्या रस्त्यावर रात्रीचं स्टिअरिंग धरणाऱ्या माणसाला हा आजार असेल, तर धोका त्याच्या एकट्याचा उरत नाही.

हा आजार लठ्ठ अमेरिकनांचा, हा समज महाराष्ट्रातच मोडला. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांची पाहणी केली. २००४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण १९.५ टक्के निघालं. दिवसाच्या पेंगेसह पूर्ण आजार ७.५ टक्क्यांना होता. १९९३ च्या अमेरिकेतल्या गाजलेल्या विस्कॉन्सिन पाहणीत पुरुषांसाठी हाच आकडा ४ टक्के होता. तरीही आपल्याकडे या आजाराचं नाव घरोघरी गेलं ते फेब्रुवारी २०२२ मध्ये, संगीतकार बप्पी लाहिरी गेले आणि रुग्णालयानं सांगितलेल्या कारणांत ‘स्लीप ॲप्निया’ हे शब्द आले तेव्हा.

यंत्राचा जन्म मात्र साध्या जुगाडातून झाला. १९८० पर्यंत या आजारावर खात्रीचा इलाज एकच होता, गळ्याला भोक पाडून श्वासाची वेगळी वाट करणं. सिडनीत डॉ. कॉलिन सलिव्हन यांच्याकडे त्या वर्षी एक गंभीर रुग्ण आला. त्याला ती शस्त्रक्रिया नको होती. सलिव्हन यांनी आधी कुत्र्यांच्या झोपेतल्या श्वासावर काम केलं होतं आणि त्यांच्यासाठी मास्कही बनवले होते. त्यांनी झोत सोडणारी मोटर जोडली, नळी रुग्णाच्या नाकाला लावली आणि दाब हळूहळू वाढवला. घसा उघडला आणि माणूस शांत झोपला. पाच रुग्णांवरचा हा अनुभव १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. सुरुवातीच्या रुग्णांच्या नाकाचा साचा घेऊन मास्क घडवत आणि तो रोज रात्री चिकटवत. मोटर व्हॅक्यूम क्लीनरची, आवाज तसाच. पुढे १९८५ मध्ये अमेरिकेच्या रेस्पिरॉनिक्सनं तयार यंत्र बाजारात आणलं आणि १९८९ मध्ये सलिव्हन यांच्या शोधाभोवती ऑस्ट्रेलियात जी कंपनी उभी राहिली तीच आजची रेसमेड. चाळीस वर्षांत मोटर जवळपास मुकी झाली, पण नाकाशी नीट बसणारा मास्क हा प्रश्न अजून तिथंच आहे.

म्हणून यंत्र निवडायला बसलेल्या माणसानं यंत्रापासून सुरुवात करू नये. सुरुवात तपासणीपासून. प्रयोगशाळेत रात्रभर डोक्याला, छातीला, पायाला तारा लावून केलेली पॉलिसोम्नोग्राफी ही पूर्ण तपासणी. त्यासाठी मुरुमहून सोलापूर, लातूर, सीमेपलीकडचं कलबुर्गी किंवा थेट हैदराबाद गाठावं लागतं. घरी लावायचं छोटं उपकरणही मिळतं. लक्षणं ठळक असतील आणि हृदय-फुप्फुसाचा दुसरा मोठा आजार नसेल, तर बऱ्याच जणांना तेवढं पुरतं. अहवालात पाहायचा आकडा एएचआय, म्हणजे तासाला सरासरी किती वेळा श्वास किमान दहा सेकंद अडला किंवा मंदावला. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यापुढे तीव्र. हा आकडा हातात नसताना यंत्र विकणारा दुकानदार भेटला, तर त्याच्या पायऱ्या उतरलेल्या बऱ्या.

यंत्रांचे मुख्य प्रकार तीन. साधं सीपॅप रात्रभर एकच दाब देतं. ऑटो सीपॅप दर श्वासाचा प्रवाह मोजून, घसा मिटायला लागला की दाब वाढवतं आणि वाट मोकळी झाली की उतरवतं. बायपॅप श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी असे दोन दाब देतं. मुरुममधल्या बहुतेक साध्या रुग्णांना ऑटो सोयीचं पडतं, कारण दाब ठरवण्यासाठी प्रयोगशाळेत आणखी एक रात्र काढायला नको. एक-दोन आठवड्यांच्या नोंदीवरून डॉक्टर योग्य मर्यादा ठरवू शकतात. पण हृदय कमजोर असेल, दम्यासारखा जुनाट फुप्फुसविकार असेल, अतिलठ्ठपणामुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असेल किंवा श्वास घशामुळे न अडता मेंदूच्याच इशाऱ्याअभावी थांबत असेल, तर ऑटोवर विसंबू नये. तिथं निवड तज्ज्ञाची. बायपॅप महाग आहे म्हणून चांगलं, असं अजिबात नाही. ते वेगळ्या आजाराचं यंत्र आहे.

आता मास्क. हे यंत्र लोक सोडून देतात ते बहुतेक मास्कपायी. नाकपुड्यांना टेकणाऱ्या मऊ उशा, नाक झाकणारा मास्क आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क असे तीन घाट. भरघोस मिशीवर नाकाच्या मास्कची कड नीट बसत नाही आणि हवा गळते. अशा माणसाला नाकपुडीच्या उशा सोयीच्या पडतात. नाकात चमकी असलेल्या बाईनं ती रात्री काढावी, नाहीतर कड उचलली जाते. झोपताना चेहऱ्याला किंवा केसांना तेल लावायची सवय असेल तर सिलिकॉन घसरतं आणि लवकर खराबही होतं, म्हणून आधी तोंड धुवावं. तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्याला मोठा मास्क देतात, पण नाक चोंदल्यामुळे तोंड उघडं राहत असेल तर आधी नाकावर इलाज. मास्क चेहऱ्यावर लावून, यंत्र चालू करून, आडवं पडून पाहिल्याशिवाय घेऊ नये. खुर्चीत बसून बरोबर बसलेला मास्क कुशीवर वळताच गळतो.

यंत्राला जोडलेलं गरम पाण्याचं भांडं कोरड्या हवेला ओलावा देतं. घसा सुकत नाही, नाक चोंदत नाही. आपल्या भागात बोअरचं पाणी जड, भांड्याच्या तळाशी आठवड्यात पांढरा थर धरतं. उकळून जंतू मरतात, सगळे क्षार जात नाहीत, म्हणून डिस्टिल्ड पाणीच वापरावं आणि रोज बदलावं. थंडीत नळीत पाणी जमून नाकावर थेंब येतात. त्यावर उपाय म्हणजे ओलावा कमी करणं, नळीला कापडी खोळ घालणं आणि यंत्र डोक्याच्या पातळीखाली ठेवणं. जमिनीवर अंथरूण घालून झोपणाऱ्याची इथं अडचण होते. यंत्र जमिनीवर, डोकंही जमिनीवर आणि धूळ तिथंच सर्वांत जास्त. अशा घरात खाट घेणं हा उपचाराचाच भाग. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या गावातून धावतात, तेव्हा फिल्टर पुस्तिकेत लिहिलंय त्याच्या आधीच काळा पडतो. तो हंगामात वरचेवर उघडून पाहावा.

दुसरा प्रश्न विजेचा. ‘झोपेत लाइट गेली तर जीव गुदमरेल का?’ हे घरचे लोक हमखास विचारतात. नाही गुदमरत. मास्कला श्वास बाहेर जायला छिद्रं असतात, मोठ्या मास्कला बाहेरची हवा आत घेणारी झडप असते, आणि झोत थांबला की बहुतेक माणूस जागा होऊन मास्क काढतो. उपचार मात्र तेवढा वेळ थांबतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची घरगुती इन्व्हर्टर बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते. जुनी असेल तर निम्मं धरा, ९००. पाण्याच्या हीटरसह यंत्र सरासरी ५० वॉट धरलं तर आठ तासांना ४००, ७५ वॉटच्या पंख्याला ६००. म्हणजे नवी बॅटरी रात्र काढते, जुनी पहाटे दम सोडते. हीटर बंद केला की यंत्राची भूक निम्म्याच्याही खाली येते. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा, आणि दाब वरखाली होणाऱ्या गावच्या लाइटीसाठी मध्ये स्टॅबिलायझर.

आता विक्रेता जे सांगत नाही ते. ‘हे लावा, हार्ट ॲटॅक टळेल’ असं ऐकू आलं तर २०१६ चा ‘सेव्ह’ हा अभ्यास आठवावा. भारतासह सात देशांतल्या, आधीच हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २,७१७ रुग्णांना सरासरी ३.७ वर्षं पाहिलं. सीपॅपमुळे पुढचे झटके कमी झाले नाहीत. दिवसाची पेंग कमी झाली, मन आणि कामाची उमेद सुधारली. त्याच अभ्यासात यंत्राचा वापर रात्री सरासरी ३.३ तासच झाला होता. त्यामुळे पूर्ण रात्र वापरलं असतं तर काय झालं असतं, हा वाद अजून चालू आहे. पण कपाटावर ठेवलेलं यंत्र काहीच करत नाही, यावर वाद नाही. अमेरिकेत विमा देताना लावलेली कसोटीसुद्धा किती तास वापरलं हीच आहे: रात्री किमान चार तास, शंभरातल्या सत्तर रात्री.

म्हणूनच नोंद ठेवणारं यंत्र घ्यावं. वापराचे तास, हवेची गळती आणि उरलेला एएचआय हे तीन आकडे पडद्यावर, कार्डावर किंवा मोबाइलच्या ॲपवर दिसले पाहिजेत. दर आठवड्याला त्याचा फोटो डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर गेला, की सोलापूरच्या निम्म्या खेपा वाचतात. गळती जास्त दिसली तर मास्क बदलायचा, एएचआय उरला तर दाब, आणि तास कमी पडले तर आधी माणसाशी बोलायचं.

जुनं यंत्र स्वस्तात मिळालं तर त्याचा सिरियल नंबर आधी तपासा. रेस्पिरॉनिक्स विकत घेतलेल्या फिलिप्सनं जून २०२१ मध्ये जगभरातली लाखो यंत्रं परत बोलावली. आवाज दाबायला लावलेला फोम झिजून त्याचे कण आणि वाफ श्वासात जाऊ शकत होती. पहिली ड्रीमस्टेशन यंत्रं त्यात होती. ओझोननं ‘निर्जंतुक’ करणारी पेटी सोबत देत असतील तर ती नाकारा, ओझोननं तो फोम अधिकच बिघडतो. साबणाचं कोमट पाणी पुरेसं आहे.

यंत्राशिवायही काही हाताशी आहे. वजन उतरवणं, झोपण्याआधी दारू टाळणं, कुशीवर झोपणं, सौम्य आजारात जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी. लहान मूल घोरत असेल तर बहुधा टॉन्सिल-ॲडेनॉइड पाहावे लागतात, यंत्र नाही. वजन उतरलं तर दाबही पुन्हा ठरवावा लागतो.

उरला खरेदीचा प्रश्न. यंत्राची किंमत हजारो रुपयांत जाते, त्यावर मास्क, फिल्टर, नळी यांचा कायमचा खर्च. इतके पैसे टाकण्याआधी दोन आठवडे भाड्यानं घ्यावं, आकडे पाहावेत, मग ठरवावं. कंपनीपेक्षा विक्रेता जपून निवडावा. मास्क बदलून देईल का, बिघडलं तर मुरुमला माणूस येईल की यंत्र शहरात न्यावं लागेल, दुरुस्तीच्या काळात बदली यंत्र मिळेल का, हे तीन प्रश्न विचारून उत्तरं बिलावर लिहून घ्यावीत. जो हे लिहून द्यायला कचरतो, त्याच्याकडचं स्वस्त यंत्र पहिल्या बिघाडातच महाग पडतं. जो आधी तपासणीचा अहवाल मागतो आणि मग मास्क लावून आडवं पडायला सांगतो, त्याच्याकडे दोन हजार जास्त गेले तरी चालतील.