खड्डा दिसता कामा नये!

बालमित्रांनो, जमिनीत पुरलेल्या मोहरांच्या हंड्याची गोष्ट तुम्ही आजीकडून ऐकली असेलच. इंग्लंडमध्ये मात्र हजारो हौशी माणसं सुट्टीच्या दिवशी खरोखरच जुन्या वस्तू शोधायला शेतांत नि कुरणांत जातात. त्यांच्या हातात लांब दांडा असतो आणि दांड्याच्या टोकाला थाळीसारखी चकती. हाच मेटल डिटेक्टर! चकतीतल्या तारेच्या वेटोळ्यातून वीज खेळते आणि भोवती सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. खाली धातू असला, तर त्यातही बारीक वीजप्रवाह निर्माण होतात. यंत्राला त्यांची चाहूल लागते आणि ते आवाज करू लागतं.

पण आवाज आला की घे कुदळ आणि खण, असं चालत नाही बरं का! जमीन दुसऱ्याची. आधी मालकाची परवानगी हवी. शिवाय कुरणात उघडा खड्डा राहिला, तर गाईचा किंवा घोड्याचा पाय त्यात जाऊन मोडू शकतो. गवत वाळून टक्कल पडतं ते वेगळंच. मग मालक पुन्हा आत पाऊल टाकू देईल का?

म्हणून खणण्याची एक रीत आहे. आधी यंत्र आडवं, मग उभं फिरवून वस्तूची नेमकी जागा ठरवायची. तिथून थोडं अंतर सोडून गवतात चौकोनाच्या तीनच बाजू कापायच्या. अंतर अशासाठी, की हत्याराचा ओरखडा वस्तूवर उठू नये. काप साधारण चार इंच खोल घ्यायचा, म्हणजे मुळांचं जाळं मातीसकट उचललं जातं. चौथी बाजू कापायची नाही. ती झाली बिजागरी! पेटीचं झाकण उघडावं, तसं गवत अलगद उलटायचं. बिजागरीकडची मुळं जमिनीला धरून राहतात, म्हणून गवत तगतं. शिवाय झाकण पुन्हा बरोबर जागच्या जागी बसतं.

सुटी माती गवतावर टाकायची नाही. शेजारी फडकं पसरून त्यावर काढायची. वस्तू मिळाली की सगळी माती परत खड्ड्यात ओतायची, झाकण लावायचं आणि पायानं घट्ट दाबायचं. कडक उन्हाळ्यात कापलेलं गवत लवकर मरतं, म्हणून जाणकार पावसाची वाट पाहतात. गंजका खिळा किंवा बाटलीचं बूच निघालं, तर तेही खिशात घालून न्यायचं!

आणि खणणं थांबवायचं कधी, हेही कळायला हवं. १९९२ साली इंग्लंडमधल्या हॉक्सन गावी एरिक लॉस हे गृहस्थ शेतात हरवलेला एक हातोडा शोधत होते. सापडली रोमन काळातली सोन्या-चांदीची नाणी! त्यांनी सगळं उकरलं नाही. थांबून अधिकाऱ्यांना कळवलं. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना वस्तू जशा पुरल्या होत्या तशाच पाहता आल्या. लाकडी पेटीच्या खुणाही मिळाल्या. नाणी निघाली सुमारे पंधरा हजार! हातोडाही सापडला आणि तोही पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. आहे ना गंमत?

आपल्याकडेही १८७८ चा कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. गडकिल्ल्यांवर तर उकरायचं नावच काढू नका!

हात मात्र शाळेच्या बागेत बसवता येईल. बाईंना विचारून हरळीत खुरप्यानं तीन बाजू कापा, झाकण उघडा, खाली एक नाणं ठेवा, झाकण लावा, पाणी घाला. पंधरा दिवसांनी मित्राला सांगा, "शोध पाहू जागा!" त्याला ती सापडली नाही, तर तुम्ही पास!