खांदेरी
महाराष्ट्र राज्याच्या रायगड जिल्ह्यातील इतिहासप्रसिद्ध जलदुर्ग व दीपगृहाचे बेट. हे अलिबाग तालुक्यातील थळ गावासमोर अरबी समुद्रात आहे. मुंबई बंदराच्या प्रवेशमार्गावर येथून नजर ठेवता येई. म्हणून छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये येथे तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी आरमार धाडून केलेला विरोध निष्फळ ठरला. सिद्दीने १६८० मध्ये शेजारचे उंदेरी बेट बळकाविले. खांदेरीवरील अष्टकोनी दीपगृह १८६७ मधील आहे. थळहून होडीने येऊन पायवाटेने तट, तोफा व वेताळाचे मंदिर पाहता येते. पावसाळ्यात मात्र खवळलेल्या समुद्रामुळे हा प्रवास धोक्याचा असतो. २०२५ मध्ये जुन्नरच्या शिवनेरीसह या दुर्गाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाल्याने त्याच्या जतनाची जबाबदारी वाढली आहे.