नागरिकत्व आणि निष्ठा

ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील कितीतरी लोक नोकरीसाठी सौदी अरबस्तानात किंवा अमेरिकेत राहतात. केवळ त्यामुळे त्यांचे भारतीय नागरिकत्व जात नाही. मात्र जो स्वतःहून दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतो, तो १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार भारताचा नागरिक राहत नाही. २००५ साली सुरू झालेले ओसीआय कार्ड मिळाल्यास तो भारतात ये-जा करू शकतो. परंतु मतदान करू शकत नाही, जिल्हाधिकारीही होऊ शकत नाही. असे का? जिल्हाधिकारी निवडणुकीची व शांततेची जबाबदारी सांभाळतो. दोन देशांचे हित वेगळे झाले, तर त्याने कोणाची बाजू घ्यावी, हा प्रश्नच उरू नये. कायदा नागरिकत्व पाहतो, नातेवाईक नाही. तुमचे चाचा दुबईत असले, तरी तुम्ही जिल्हाधिकारी होऊ शकता.