खडू, कात्री आणि हलणारी चित्रं

जपानी कार्टूनमधले डोरेमॉन आणि शिनचॅन तुमच्या ओळखीचे. पण जपानमधली आजवर सापडलेली सगळ्यात जुनी कार्टून फिल्म किती वेळाची असेल, सांगा पाहू? अवघी तीन सेकंदांची!

२००५ साली क्योटो शहरात फिल्मची एक जुनी पट्टी सापडली. तिच्यावर ५० चित्रं होती. खलाशासारखे कपडे घातलेला एक मुलगा चार अक्षरं लिहितो, आपल्याकडे वळतो, टोपी काढून अभिवादन करतो. बस्स, संपली फिल्म! ही चित्रं कॅमेऱ्याने टिपलेली नाहीत. लाल-काळ्या रंगात ती थेट फिल्मवरच छापली आहेत. ही फिल्म साधारण १९०७ ते १९११ च्या दरम्यानची असावी, असं मानतात. कोणी केली, हे कोडं मात्र अजून सुटलेलं नाही.

आणि खरी गंमत म्हणजे, यातलं एकही चित्र हलत नाही! सेकंदाला १६ स्थिर चित्रं डोळ्यांसमोरून भराभर सरकली, की आपला मेंदू त्यांच्यातले बारीक फरक जोडून घेतो. मग आपल्याला दिसतं, मुलगा वळला! ५० ला १६ ने भागा, म्हणजे तीन सेकंदांचा हिशेब लागेल.

१९१७ साली जपानच्या चित्रपटगृहांत जपानमध्येच बनलेल्या कार्टून फिल्म दिसू लागल्या. शिमोकावा ओतेन, कोउची जुनइची आणि कितायामा सेतारो हे तिघं त्या बनवत होते. शिकवायला कोणी नव्हतं. शिमोकावांनी चक्क फळा आणि खडू घेतला. चित्र काढायचं, टिपायचं, थोडं पुसायचं, पुन्हा काढायचं! कोउचींच्या फिल्ममध्ये एक सामुराई बोथट तलवार विकत घेतो आणि तिची धार बघायला जाऊन स्वतःच मार खातो. फिल्मला आवाज नव्हता. पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगणारा कलाकार असे, त्याला 'बेन्शी' म्हणत. सगळ्या पात्रांचे आवाज तो एकटाच काढायचा!

चित्रं काढायला लागणारं पारदर्शक सेल्युलॉइड तेव्हा फार महाग होतं. म्हणून बरेच जण कागदच कापायचे. ओफुजी नोबुरो नावाचे कलाकार तर नक्षीदार 'चियोगामी' कागदातून पात्रं कातरायचे. हात-पाय जरासे सरकवायचे, एक फोटो. पुन्हा सरकवायचे, पुन्हा फोटो.

१९२३ च्या भीषण भूकंपात टोकियोतल्या कितीतरी फिल्म नष्ट झाल्या. बोथट तलवारीची ती फिल्मही हरवली असंच सगळे समजत होते. पण २००७ साली ती ओसाकाच्या जुन्या बाजारात सापडली, तब्बल ९० वर्षांनी!

पुढे १९६३ मध्ये तेझुका ओसामूंचा 'ॲस्ट्रो बॉय' हा कार्टून कार्यक्रम टीव्हीवर दर आठवड्याला येऊ लागला. इतकी चित्रं दर आठवड्याला कोण काढणार? तेझुकांच्या चमूने एकदा काढलेली चित्रंच पुन्हा पुन्हा वापरली, कधी नुसते ओठच हलवले. आजही कार्टूनमध्ये ही युक्ती वापरतात.

आता तुमची पाळी. जुन्या वहीच्या कोपऱ्यात, पानापानावर, उडी मारणारा चेंडू काढा. दर पानावर त्याला जरासाच सरकवा. १६ पानं झाली की भर्रकन उलटा आणि बघा, तुमचा चेंडू किती उंच उडतो ते!